विषय: स्टिकरवाली नंबर प्लेट रस्त्यावर चालते का?

प्रेषक: रोहित, स्लाव

नमस्कार मंडळी,
पुढचा बंपर गोलसर आहे, प्लेटसाठीची खाच फक्त ४४० मिमी रुंद. नेहमीची अ‍ॅक्रिलिक प्लेट दोन्ही बाजूंनी बाहेर येते. ऑनलाइन नंबर छापलेलं जाड स्टिकर मिळतंय, सोलून बंपरवर चिकटवायचं. जाहिरातीत वर 'रोड लीगल' आणि तळाशी बारीक अक्षरांत 'फक्त प्रदर्शनासाठी'. नक्की काय धरायचं? गाडी इथली, ब्रिटनमधलीच, नंबरात '१९' असलेली. एमओटीला, म्हणजे वार्षिक तपासणीला, अडेल का?

——

प्रेषक: विद्याधर, लेस्टर

रोहित,
बारीक अक्षरं धर.

प्लेट स्क्रूने लावली की गोंदाने, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. २००१च्या नोंदणी क्रमांक नियमांत प्लेट कसली, तिच्यावर काय आणि ती कुठे, एवढंच पाहिलं जातं. १ सप्टेंबर २०२१ पासून बसवलेली नवी प्लेट बीएस एयू १४५ई या ब्रिटिश मानकाची लागते. पार्श्वभूमी परावर्तक, पुढे पांढरी, मागे पिवळी. अक्षरं एकसंध काळी, त्यांत छटा किंवा सावली नको. तळाशी पुरवठादाराचं नाव आणि पोस्टकोड, शिवाय मानकाचा क्रमांक आणि बनवणाऱ्याची खूण. एखादी लवचिक, पाठीला गोंद असलेली प्लेट त्या मानकाच्या चाचण्यांतून गेलेली असेल आणि तिच्यावर हे सगळं छापलेलं असेल, तर केवळ चिकटवली म्हणून ती बाद होत नाही. अडचण ही की बाजारातली बहुतेक स्टिकरं साध्या व्हिनाइलवर छापलेली असतात.

> 'रोड लीगल'

ओळखायची सोपी खूण सांगतो. विक्रेता व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि ओळखपत्र मागतो का? इथे नंबर प्लेट विकायला डीव्हीएलएकडे (वाहन नोंदणीचं सरकारी खातं) नोंदणी लागते आणि गाडीवरचा हक्क तपासणं पुरवठादाराला बंधनकारक आहे. नंबर टाइप केला, पैसे भरले, पाकीट घरी आलं, असं असेल तर ती रस्त्यासाठीची प्लेट नाही.

साधं व्हिनाइल का नको, तर एएनपीआर, म्हणजे आपोआप नंबर वाचणारा कॅमेरा, इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. परावर्तक पत्रा तो सरळ परत पाठवतो, काळी अक्षरं पाठवत नाहीत, या फरकावर नंबर वाचला जातो. साध्या व्हिनाइलवरून पुरेसा प्रकाश परतच येत नाही. काही इंकजेट शाया डोळ्यांना काळ्याकुट्ट दिसतात पण इन्फ्रारेडमध्ये जवळपास पारदर्शक असतात. कॅमेऱ्याला नुसती कोरी पट्टी दिसते. आपल्याकडच्या रेडियमवाल्याचं काम नजरेला कितीही चकचकीत असो, इथे निकष नजरेचा नाही.

दंड कोर्टात १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि एमओटीला गाडी नापास होते. हौसेचा विकत घेतलेला नंबर असेल तर तो काढूनही घेऊ शकतात.

——

प्रेषक: शुभदा, कॉव्हेंट्री

विद्याधरकाका, जुन्या जॅग्वार ई-टाइपच्या बॉनेटवर नंबर थेट चिकटवलेलाच असतो, त्यांना कोणी अडवत नाही. मग आपल्यालाच का?

——

प्रेषक: विद्याधर, लेस्टर

शुभदा,
त्यातल्या बहुतेक गाड्या १ जानेवारी १९७३च्या आधी नोंदलेल्या आहेत. परावर्तक प्लेटची आणि ब्रिटिश मानकाची सक्ती त्या तारखेपासूनच्या गाड्यांना. काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरांची मुभा वेगळी: १ जानेवारी १९८०च्या आधी बनलेली आणि 'हिस्टॉरिक' करवर्गात नोंदलेली गाडी हवी. लोक या दोन तारखांची सरमिसळ करतात आणि ऐंशीच्या दशकातल्या गाडीवर काळी प्लेट ठोकून मोकळे होतात.

बॉनेटचा आणखी एक मुद्दा आहे. नियमाप्रमाणे प्लेट उभी हवी, आणि ते व्यवहारात शक्य नसेल तर शक्य तितकी उभ्याच्या जवळ. ५० मिमी रुंद अक्षरांसाठी, नंबर जिथून वाचता यायला हवा त्या क्षेत्राचं माप २१.५ मीटर धरलेलं आहे. आकाशाकडे तोंड करून पडलेलं स्टिकर तेवढ्या अंतरावरून, समोरून कसं वाचणार? ई-टाइपला पुढे प्लेट लावायला धड जागाच नाही. रोहितच्या गाडीला खाच दिलेली आहे, त्यामुळे 'शक्य नव्हतं' हे त्याला म्हणता येणार नाही.

——

प्रेषक: मंगेश, मिल्टन कीन्स

नमस्कार,
एक घोळ आधी मिटवू. पाठीला चिकटपट्टी लावलेली नेहमीची प्लेट पूर्ण कायदेशीर आहे. उलट स्क्रूचं डोकं चुकीच्या रंगाचं किंवा चुकीच्या जागी आलं आणि त्याने अक्षराचं रूप बदललं, तर तो गुन्हा होतो. चिकटपट्टीला ती भीती नाही.

भीती आहे ती प्लेट गळून पडण्याची. पडते ती जवळपास नेहमी पृष्ठभाग नीट न पुसल्यामुळे किंवा थंडीत लावल्यामुळे. बंपरवर वॅक्स किंवा सिलिकॉनचं पॉलिश असेल तर कुठलाच गोंद धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्लेटची पाठही पुसा, तिथे बोटांचं तेल असतं. थ्रीएमच्या व्हीएचबीसारख्या फोम टेपला पृष्ठभाग किमान १० अंश सेल्सिअस तापमानाचा लागतो, २० च्या पुढे उत्तम. जानेवारीत ड्राइव्हवेवर उभं राहून हे काम करू नये; गॅरेज नसेल तर हेअर ड्रायरने बंपर कोमट करून घ्या. टेप आडव्या लावा, एक वरच्या कडेला, एक खालच्या, आणि टोकांना उभे तुकडे, म्हणजे कडेतून पाणी शिरत नाही. अंगठ्याने पूर्ण लांबीवर दाबा. २४ तासांत साधारण ९० टक्के पकड येते, पूर्ण यायला ७२ तास. तोवर जेट वॉश नको. नंतरही फवारा प्लेटच्या कडेवर तिरका मारू नका.

गोलसर बंपरवर सपाट अ‍ॅक्रिलिक थेट चिकटवलं तर ते सरळ व्हायला धडपडतं, टोकं आधी सुटतात आणि पाठोपाठ सगळं. तिथे मागे प्लिंथ हवी: गाडीच्या वळणाचा प्लास्टिकचा आधार. तो स्क्रूने बसवायचा आणि प्लेट त्याच्यावर चिकटवायची.

काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग जातो. ड्रायरने गरम करून मासेमारीची दोरी किंवा डेंटल फ्लॉस करवतीसारखा मागून फिरवा.

'फोर-डी' (उठावदार अक्षरांच्या) प्लेटवाल्यांनी अक्षरंही तपासावीत. ती एकेक करून गोंदानेच बसवलेली असतात. मानक पाळलं असेल तर प्रकार कायदेशीर आहे, पण एक अक्षर गळालं की त्या क्षणापासून नंबर चुकीचा.

——

प्रेषक: विद्याधर, लेस्टर

मंगेशने बसवण्याचं सांगितलं, आता रोहितच्या खाचेचा हिशोब.

५२० × १११ मिमी हे प्रचलित माप आहे, सक्तीचं नाही. सक्ती अक्षरांची: उंची ७९, रुंदी ५०, रेघेची जाडी १४, अक्षरांमधलं अंतर ११, चार आणि तीन अक्षरांच्या दोन गटांमधलं ३३, चारी बाजूंना किमान ११ मोकळं. सात अक्षरांचे ३५०, पाच फटींचे ५५, गटाची फट ३३, दोन कडांचे २२, बेरीज ४६०. म्हणजे सर्वसाधारण नंबराला ४६० × १०१ च्या खाली जाता येत नाही.

पण तुझ्या नंबरात एकचा आकडा आहे आणि त्याला ५० च्या रुंदीची अट नाही, तो १४ मिमीच असतो. ३६ वाचले, राहिले ४२४. तुझ्या ४४० च्या खाचेत ही आखूड प्लेट बसते. उंची मात्र मोजून बघ, १०१ लागेलच. अक्षरं दाटीने बसवून आणखी आखूड करून देतो म्हणणारा भेटेल, त्याच्याकडून घेऊ नकोस. पुरवठादाराचं नाव आणि मानकाचा क्रमांक तळाच्या कडेत छापून आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आखूड प्लेटवर नेमकं तेच गाळतात.

——

प्रेषक: शुभदा, कॉव्हेंट्री

जाता जाता: गणपतीचं सामान नेणाऱ्या ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर लागतो. मागची प्लेट झाकणाऱ्या सायकल रॅकलाही तेच. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला चालत नाही, रॅकवरची प्लेटही मानकाचीच लागते आणि अंधारात तिच्यावर दिवा हवा.

——

प्रेषक: रोहित, स्लाव

काका, खाचेची उंची ११५ आहे. मंगेशदादा, प्लिंथ ४२४ ची तयार मिळते की कापून घ्यायची?

——

प्रेषक: मंगेश, मिल्टन कीन्स

आखूड मापात सहज मिळत नाही. मोठी घे आणि हॅकसॉने दोन्ही टोकांकडून सारखी काप, म्हणजे वळणाचा मध्य सरकणार नाही. कापलेली कड सँडपेपरने घासून घे. प्लेटपेक्षा प्लिंथ ४-५ मिमी आत ठेवलीस तर समोरून दिसणारही नाही.