शुगर बॉर्डरवर आली आणि कशातच मन लागेना. संबंध असतो का?

सेकंडशिफ्ट_चाकण
नमस्कार मंडळी. वय ४३, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. वार्षिक तपासणीत निघालं ते असं: उपाशीपोटी शुगर ११८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. उंची पाच-सहा, वजन ७१. लठ्ठ कुणी म्हणणार नाही. हातपाय काड्या, कंबर मात्र ९७ सेंमी. डॉक्टरांनी "गोड बंद, रोज चाला" सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली.

मला विचारायचंय ते वेगळंच. दिवाळीपासून कशातच रस नाही. रडू वगैरे येत नाही. पण पोरगा गणित विचारायला आला की त्याच्या अंगावर खेकसतो. रविवारी क्रिकेट असायचं. आता पोरं खालून हॉर्न मारतात आणि मी बायकोला सांगतो, झोपलाय म्हण. नाइट करून आलो की झोप मध्येच मोडते. भूक नसताना कँटीनमध्ये वडापाव हाणतो. शुगरमुळे हे होतंय, की ह्यामुळे शुगर वाढली? की मी नुसता आळशी झालोय?

नाशिकचा_फिजिशियन
आळशी माणूस क्रिकेट टाळत नाही, काम टाळतो. तुमचं उलट आहे.

संबंध आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. मधुमेह असलेल्यांत डिप्रेशन इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतं, आणि डिप्रेशन असलेल्याला पुढे मधुमेह होण्याची शक्यताही जास्त. तुमची शुगर मधुमेहाच्या अलीकडे आहे, पण मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांचा गट, म्हणायला पाचपैकी तीन निकष पुरतात: आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंमी किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल ४०च्या खाली, उपाशी शुगर १०० किंवा वर, बीपी १३०/८५ किंवा वर. तुमचे चार भरले. बीपी तुम्ही लिहिलंच नाहीत.

वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. ती नुसती पडून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. झोप, भूक, उत्साह सगळं बिघडतं. त्यात तुमच्या नाइट.

आणि पुरुष डिप्रेशनमध्ये रडतोच असं नाही. चिडतो, गप्प होतो, पितो. म्हणून घरचे "स्वभाव बदलला" म्हणतात आणि वर्षं जातात. डिप्रेशन तपासायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे, भरा. २७ पैकी १० किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवायचंच.

मावळा७६
माझे वडील तीस वर्षं गिरणीत नाइट करत होते, कुणाला डिप्रेशन नव्हतं. पहाटे उठून सिंहगड चढा, शुगर आणि मन दोन्ही जाग्यावर येतील.

करवीरचे_आप्पा
मावळेराव, गड चढायचा खरा, पण अंथरुणातून उठायचं कुणी? चालल्यानं बरं वाटतं ह्यात वाद नाही. ज्याला दात घासायचाही कंटाळा येतो त्याला ते सांगून होत नाही एवढंच.

माझं सांगतो. मी माळकरी, शुगर जुनी, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू. पायाला मुंग्या आणि डोकं सुन्न. सगळ्यांनी वयावर ढकललं. एका डॉक्टर मॅडमनी बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला लावली, ते तळाला गेलेलं. मेटफॉर्मिननं बी१२ कमी होतं आणि आम्ही पडलो शाकाहारी. इंजेक्शनं घेतली, मुंग्या कमी झाल्या. मन मात्र तेवढ्यानं उठलं नाही, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जावंच लागलं. त्यांच्या पहिल्या गोळीनं भूक इतकी वाढली की शुगर वर. गोळी परस्पर बंद केली नाही, सांगितलं, त्यांनी बदलून दिली. तेव्हा शुगर आहे हे तिथं आधीच सांगा.

नाशिकचा_फिजिशियन
आप्पा, नेमकं. बी१२ आणि थायरॉइड दोन्ही करा. घोरता का? झोपेत श्वास अडकत असेल तर शुगर, बीपी आणि मन तिन्ही बिघडतात. पोटाच्या चरबीमुळे टेस्टोस्टेरॉनही कमी होऊ शकतं, पण म्हणून जिमवाल्याकडून काही घेऊ नका. वजन उतरलं की मन आपोआप सुधारेल म्हणून थांबूही नका. शुगरचे आणि मनाचे, दोन्ही उपचार एकदमच सुरू करायचे. जगण्याचा वीट आल्यासारखं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. रात्रीही फोन घेतात, मराठीत बोलता येतं.

सेकंडशिफ्ट_चाकण
बीपी मोजलं, १३८/८८. म्हणजे पाचही. घोरण्याचं बायकोला विचारलं तर हसली आणि म्हणाली, इतकी वर्षं काय सांगतेय. पीएचक्यू १४ आला. जीव द्यावासा वाटण्याच्या शेवटच्या प्रश्नाला शून्य आहे, काळजी नको. वीकली ऑफला फिजिशियनकडे जातोय, बायको सोबत येणार. बी१२ला उपाशी जावं लागतं का?

नाशिकचा_फिजिशियन
बी१२ला नाही. शुगर परत करणार असाल तर आधी आठ तास पाण्याशिवाय काही नको. आणि नाइट संपवून थेट लॅबमध्ये जाऊ नका, एक रात्र नीट झोपून जा.