मदत हवी आहे: अंड्यातली अँटिबॉडी, एलायझात (अँटिबॉडीच्या रंगचाचणीत) सगळेच वेल (प्लेटचे खळगे) पिवळे

प्रयोगवही: वासरांच्या हगवणीतला के९९ (आतड्याला चिकटायचे तंतू) असलेला ई. कोलाय जिवाणू शेणाच्या नमुन्यात पकडायचा आहे. कोंबड्यांना टोचून झालं, बलकातून पीईजी या रसायनाने आयजीवाय (तीच अँटिबॉडी) काढलं, जेलवर जड साखळी ६५ किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे ठीक. सँडविच एलायझा (खाली-वर अँटिबॉडी, मध्ये जिवाणू) लावला की सगळे वेल पिवळे, नमुना न घातलेले ब्लँकसुद्धा! ब्लॉकिंग (प्लेटची रिकामी जागा झाकणं) वाढवलं, धुणं वाढवलं. सोमवारी गाइडना दाखवायचंय. 'आयजीवाय म्हणजे काय' नको प्लीज.

शिरपा: शुद्ध करायला प्रोटीन ए चा कॉलम लावा. माझी अख्खी पीएचडी त्यावर झाली.

मृगजळ: आयजीवाय प्रोटीन ए ला चिकटतच नाही, प्रोटीन जी लाही नाही. सशाचं सीरम नव्हे ते. @प्रयोगवही, टोचलं काय? वरची अँटिबॉडी कुठली? कॉन्ज्युगेट, म्हणजे रंग देणारं, कुठलं?

शिरपा: मी शुद्धतेबद्दल बोलत होतो. असो.

टिचकी: एलायझा कशाला? पीसीआर करा, मोकळे व्हा.

मृगजळ: तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पीसीआर मशीन तुम्ही देणार का?

प्रयोगवही: फॉर्मलिनने मारलेले अख्खे जिवाणू टोचले. खाली-वर तेच आयजीवाय, अर्थातच. कॉन्ज्युगेट अँटी-चिकन एचआरपी, कोंबडीच्या अँटिबॉडीला धरणारं, रंगाचं एन्झाइम जोडलेलं.

मृगजळ: हे 'अर्थातच' पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! तुमचं कॉन्ज्युगेट प्लेटला चिकटवलेल्या खालच्या आयजीवायलाच धरतंय. जिवाणू असो नसो, रंग येणारच. वरच्या आयजीवायला बायोटिन लावा आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी वापरा, ते बायोटिनलाच धरतं. नाहीतर वर सशाची अँटिबॉडी आणि अँटी-रॅबिट. बायोटिन वापरलं तर दुधाच्या पावडरीने ब्लॉक करू नका, दुधातही बायोटिन असतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घ्या.

पुढचा त्रास आत्ताच सांगते. अख्खे जिवाणू टोचलेत, शिवाय कोंबडीच्या आतड्यात ई. कोलाय असतोच. साधा ई. कोलायही पॉझिटिव्ह येईल. तोच स्ट्रेन १८ अंशांवर वाढवा, तिथे के९९ बनत नाही. त्या पेशींवर आयजीवाय शोषून घ्या, साध्या ई. कोलायला धरणारं निघून जाईल. टोचण्याआधीची अंडी ठेवलीत ना, कंट्रोलला?

गोठा_नं_२: ताई, माझं वासरू परवा जन्मलं, पांढरं हगतंय. बलक पाजू का?

मृगजळ: दुकानातल्या अंड्यात के९९ विरुद्ध खास काही असेलच असं नाही. इलेक्ट्रोलाइट पाजा, दूध तोडू नका, डॉक्टरांना आजच बोलवा. चीक पाजला होता का?

गोठा_नं_२: थोडा. बाकीचा खरवसाला गेला.

टिचकी: घ्या! वासराच्या तोंडचं काढून वड्या. पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळाला की निम्मी हगवण होतच नाही.

शिरपा: खरवसात गूळ की साखर?

प्रयोगवही: धागा माझा आहे!! कंट्रोलची अंडी आहेत, फ्रिजमध्ये. स्ट्रेप्टाव्हिडिन शेजारच्या लॅबमधून मिळेल. बायोटिन लावायला किती वेळ?

मृगजळ: लावायला तास-दोन तास, मग उरलेलं बायोटिन काढायला रात्रभर डायलिसिस. बायोटिन लावणं ट्रिस बफरमध्ये करू नका, ट्रिसच बायोटिन खाऊन टाकतं. पीबीएस बफर घ्या.