दुपारी २ ते ४ : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ-३०२ : सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या सभेत हा विषय ‘आपापसांत मिटवा’ असे सांगून बाजूला ठेवण्यात आला होता, म्हणून आता लेखी मांडत आहे. अ-३०३ मधून दुपारी एक लांबलचक शिट्टी ऐकू येते, तिच्यापाठोपाठ पत्रा खरवडल्यासारखा खरखराट सुरू होतो आणि तो चार-पाच मिनिटे थांबत नाही. मला रात्रपाळी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी २ ते ४ या वेळेत आवाज बंद असावा, एवढीच विनंती आहे.

ब-१०४ : तो आवाज तिथला आहे होय? मी तो लिफ्टचा समजून समितीकडे अर्ज केला होता.

सचिव : आणि त्या अर्जावरून लिफ्टचा माणूस येऊन, काहीही न सापडता परत गेला होता. त्याचे शुल्क सर्वांनी भरले आहे, याची नोंद घ्यावी.

अ-३०३ (काका) : आवाज माझ्याकडचाच आहे आणि त्यात बिघाड काहीही नाही. सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली काढलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर खेळ बहुधा कॅसेटवरून भरावा लागे, आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, तीच क्रिया आजच्या संगणकावर हुबेहूब करून दाखवतो. आरंभीची शिट्टी साधारण ८०७ हर्ट्झची असते. ती ऐकून यंत्र सावध होते. पुढचा खरखराट म्हणजे प्रत्यक्ष माहिती असते : शून्यासाठी आखूड स्पंद आणि एकासाठी बरोबर दुप्पट लांबीचे स्पंद. सेकंदाला सरासरी १,५०० बिट या गतीने ४८ किलोबाइट भरायचे म्हटल्यावर चार मिनिटांहून अधिक वेळ लागणारच.

अ-३०२ : माहितीबद्दल आभारी आहे. दुपारी २ ते ४ आवाज बंद असावा.

ब-१०५ : काका, वाद वाढवण्याचा हेतू नाही, परंतु आपण वापरता त्या ‘फ्यूज’ एम्युलेटरमध्ये लोडिंगचा आवाज बंद करण्याची सोय आहे आणि खेळ तत्काळ भरण्याचीही आहे. रॉममधील, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या मूळ प्रोग्राममधील, कॅसेट वाचणाऱ्या भागाला एम्युलेटर मध्येच अडवतो आणि सगळा मजकूर एकदम स्मृतीत ठेवून देतो. काही प्रकाशकांनी कॉपी रोखण्यासाठी स्वतःची लोडिंग पद्धत लिहिली होती, तिथे ही युक्ती चालत नाही. पण तिथेही संपूर्ण यंत्राची गती वाढवून चार मिनिटांचे काम काही सेकंदांत उरकता येते.

अ-३०३ (काका) : ती सोय मला माहीत आहे. मी ती जाणूनबुजून बंद ठेवली आहे. मुले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पडद्याच्या कडेला शिट्टीबरोबर लाल-निळसर पट्टे आणि माहिती सुरू होताच निळे-पिवळे पट्टे धावताना दिसतात. त्यावरून संगणक आवाज ‘वाचतो’ आहे, हे न सांगता कळते. खेळ तत्काळ सुरू झाला तर तो आवडला नाही म्हणून तत्काळ बंदही होतो. चार मिनिटे थांबून मिळालेला खेळ मूल अर्धा तास तरी सोडत नाही.

अ-३०२ : त्या चार मिनिटांत भिंतीपलीकडचा माणूसही जागाच असतो.

ब-२०२ : याच कारणास्तव जाणकारांनी त्या काळीही कमोडोर ६४ हा संगणक घेतला होता. स्वतंत्र ध्वनिचिप, तीन स्वर, आठ हार्डवेअर स्प्राइट, म्हणजे पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी चित्रे. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसतात, त्यामुळे नायक झाडाजवळून गेला की झाडाचा रंग नायकाला लागतो. चर्चा चाललीच आहे म्हणून सांगितले.

अ-३०३ (काका) : त्या दोन रंगांच्या नियमामुळेच संपूर्ण चित्र ६,९१२ बाइटमध्ये मावते, आणि उरलेल्या जागेत लोकांनी खेळ लिहिले. ब-२०२ यांना काटकसरीचे वावडे आहे, हे वाहनतळाच्या वेळीही दिसले होते.

सचिव : वाहनतळाचा विषय येथे आणू नये. यंत्रांची तुलनाही आणू नये.

क-४०१ (ताई) : मला आवाजापेक्षा वेगळी काळजी वाटते. उद्या कुणी विचारले, तर हे सगळे कायदेशीर आहे का? मुले आपल्या सर्वांची आहेत.

ब-१०५ : ताई, येथे तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात. एम्युलेटर हा मुक्त प्रोग्राम आहे, त्यात अडचण नाही. स्पेक्ट्रमचा रॉम हा मात्र कुणाच्या तरी मालकीचा आहे. १९८६ साली ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला आणि पुढे एम्युलेटरसोबत तो रॉम वाटण्यास परवानगी दिली, मालकी स्वतःकडेच ठेवून. तिसरी गोष्ट म्हणजे खेळ. काहींच्या निर्मात्यांनी ते वाटण्यास मुभा दिली आहे, काहींनी स्पष्ट नाकारली आहे. खेळ दुकानात मिळेनासा झाला म्हणजे त्याचा हक्क संपला, असा समज पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे.

क-४०१ (ताई) : म्हणजे काकांकडे कोणते खेळ आहेत, हे पाहावे लागेल.

अ-३०३ (काका) : माझ्या मूळ कॅसेट कपाटात आहेत आणि त्या मी स्वतः ध्वनिमुद्रित करून संगणकात घेतल्या आहेत. ताईंनी केव्हाही येऊन पाहावे. दुपारी २ ते ४ सोडून यावे, नाहीतर शेजारी रागावतील.

अ-३०२ : उपरोधाची गरज नव्हती. मागणी तीच आहे : दुपारी २ ते ४.

ब-३०१ : मधेच विचारते, क्षमा असावी. काकांकडे पाहून माझ्या मुलाने आमच्या संगणकावरही एम्युलेटर घेतला आहे, पण त्याला ‘लोड’ हा शब्दच टंकित करता येत नाही. एक अक्षर दाबले की भलताच पूर्ण शब्द उमटतो.

अ-३०३ (काका) : ते तसेच अपेक्षित आहे. ४८ के स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षरांनी लिहीत नाहीत. प्रत्येक कळीला एक पूर्ण आज्ञा नेमून दिलेली असते. ‘जे’ दाबला की ‘लोड’ उमटते. मग सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा दाबावा, म्हणजे अवतरणचिन्हे येतात, आणि शेवटी एंटर. सिम्बॉल शिफ्टचे काम आजच्या कीबोर्डवर बहुतेक वेळा कंट्रोल कळ करते. त्यानंतर एम्युलेटरमध्ये कॅसेट सुरू करण्यास विसरू नये.

ब-३०१ : चालले! आता ‘जेट सेट विली’ हा खेळ रंगांचा सांकेतिक क्रमांक मागतो आहे.

अ-३०३ (काका) : मूळ कॅसेटसोबत रंगीत चौकोनांचा कागद येत असे, त्यात पाहून तो भरायचा. त्या काळी रंगीत छायाप्रत सहज निघत नसे, म्हणून ही कॉपीविरुद्धची योजना होती. माझ्याकडचा कागद मुलाला दाखवीन. त्याला एक मात्र सांगून ठेवावे : त्या खेळात ‘ॲटिक’ नावाच्या खोलीत गेल्यावर पुढे काही खोल्यांत पाऊल टाकताच जीव जाऊ लागतो. मुले येऊन ‘तुमचा एम्युलेटर बिघडला’ असे सांगतात. तो १९८४ सालच्या मूळ खेळातलाच दोष आहे. प्रकाशकांनी आधी त्या खोल्यांत विषारी वायू आहे असे सांगून वेळ मारून नेली आणि नंतर दुरुस्तीच्या आज्ञा दिल्या. चांगला एम्युलेटर दोषदेखील प्रामाणिकपणे सांभाळतो, आणि मला त्याचे मोल यातच वाटते.

ब-१०५ : किंवा मुलाने प्रत्येक खोलीपूर्वी स्नॅपशॉट जतन करावा. स्नॅपशॉटमध्ये स्मृती आणि प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी साठते. मेल्यावर तिथूनच पुढे सुरू.

अ-३०३ (काका) : मग खेळायचे कशाला? दिलेल्या जीवांत जमेल तेवढे खेळावे. पावलापावलाला जतन करणारा मनुष्य खेळ संपवतो, पण त्यातली एकही उडी त्याला कधी येत नाही.

ब-१०५ : काका, दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाला रात्री उरतो तेवढ्या वेळात पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात करणे परवडत नाही. सर्वांनाच निवृत्तिवेतन नाही.

अ-३०३ (काका) : समजले. आपल्या वडिलांना नमस्कार सांगावा.

ब-२०२ : जतन करा अथवा करू नका, पण पडदा तरी नीट लावा. स्पेक्ट्रम आणि कमोडोरची युरोपीय आवृत्ती सेकंदाला ५० चित्रे दाखवत असे, आपले बहुतेक मॉनिटर ६० दाखवतात. त्यामुळे सरकते दृश्य अडखळते आणि लोक दोष एम्युलेटरला देतात. मॉनिटर ५० हर्ट्झवर चालत असेल, तर तसा ठेवावा.

अ-३०२ : मॉनिटरचा आवाज येत नाही. कॅसेटचा येतो. दुपारी २ ते ४.

सचिव : सर्वांचे म्हणणे ऐकले. सूचना अशी की अ-३०३ यांनी दुपारी २ ते ४ लोडिंगचा आवाज एम्युलेटरमधून बंद ठेवावा किंवा हेडफोन वापरावा. गती किती ठेवावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. काका, मान्य आहे का?

अ-३०३ (काका) : हेडफोन मान्य आहे. गती मूळचीच राहील आणि पट्टेही राहतील. मुलांनी आळीपाळीने ऐकावे.

अ-३०२ : आभारी आहे. हे फलकावरही लावावे.

ब-२०२ : फलकावर ‘कॅसेटचा आवाज’ असे नेमके लिहावे. कमोडोरची डिस्क त्यात येत नाही.

ब-१०५ : कमोडोरच्या ‘व्हाइस’ एम्युलेटरमध्ये त्याच्या १५४१ डिस्क ड्राइव्हचा खडखडाटही ऐकवण्याची सोय आहे. आपण ती चालू ठेवली आहे का?

ब-२०२ : ठेवली आहे. हेडच्या ठोक्यांवरून डिस्क कुठवर वाचली गेली, ते कळते.

अ-३०२ : सचिव महोदय, फलकावर ‘कॅसेट’ हा शब्द काढून ‘कोणत्याही जुन्या संगणकाचा कोणताही आवाज’ असे घालावे. वेळ तीच.