मदत हवी आहे : पोलिसांची निवृत्त आरटी-पी घ्यावी की नको?

कासपठार

नमस्कार मंडळी. दुचाकीवाल्यांचा सल्ला हवा आहे.

मुक्काम कॅलिफोर्निया, बे एरिया. सध्या ३०० सीसीची गाडी आहे. ऑफिसला जायला-यायला झकास, पण हायवेवर दोन तास बसलं की मनगटं आणि बूड दोन्ही कुरकुरतात. किनाऱ्याचा हायवे १ आणि सिएरातला सोनोरा पास (उंची ९६२४ फूट) कधीचे डोक्यात आहेत. म्हणून फेअरिंगवाली (पुढे वारा अडवणारं आवरण असलेली), शाफ्ट ड्राइव्हची (साखळीऐवजी दांड्याने चाक फिरवणारी) टूरिंग गाडी शोधतोय. नवी परवडणार नाही.

शोधता शोधता ही सापडली : बीएमडब्ल्यू आर १२०० आरटी-पी (आरटी ही टूरिंग गाडी, तिचं हे पोलीस मॉडेल), २०११ ची, ४८ हजार मैल, साडेपाच हजार डॉलर. एका शहराच्या पोलीस खात्यात होती. सरकारी लिलावात एका विक्रेत्याने घेतली आणि आता तो विकतोय. दिवे, सायरन, रेडिओ काढलेले आहेत, काळा-पांढरा रंग मात्र तसाच आहे. सीट एकट्यापुरती, तिच्यामागे रेडिओची पेटी. याच मैलांची साधी आरटी इथे बरीच महाग पडते आहे.

दुसरा पर्याय हार्ले रोड किंगचं पोलीस मॉडेल, २००८ चं, ३९ हजार मैल. तीही लिलावातलीच, पण हजारभर डॉलर जास्त.

विक्रेत्याचं पालुपद एकच : ‘पोलिसांची गाडी, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली, डोळे मिटून घ्या.’ हे खरं धरायचं का? ४८ हजार मैल म्हणजे खूप की कमी? माझी उंची साडेपाच फूट, त्यामुळे आरटीवर पाय टेकतील का हीही शंका आहे. आणि बायकोही अधूनमधून मागे बसणार आहे, तेव्हा त्या पेटीचं काय करायचं?

गाडी ‘आहे तशी’ विकणार, वॉरंटी नाही. बघायला या शनिवारी जायचं आहे.

.

खटारावाला

धागा वाचून पहिला विचार आला तो असा की हौस पोलीस गाडीची आहे की टूरिंगची? टूरिंगची असेल तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि कुणा निवृत्त गोऱ्या आजोबांनी गॅरेजमध्ये पुसून-पासून ठेवलेली साधी आरटी घ्या. तिकडे अशा गाड्या खंडीभर असतात. पेटी काढा, सीट शोधा, रंग द्या, हे सगळं करण्यात वाचलेले पैसे जातील.

.

अर्धाक्लच

खटारावाला, तुमचं अर्धं पटतं. पण पोलीस गाडी सरसकट वाईट नसते, तिचं मोजमाप वेगळं असतं इतकंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कासपठार, तुम्ही मैल विचारलेत. पोलीस गाडीला मैल विचारायचे नाहीत, तास विचारायचे. आजोबांनी ४८ हजार मैल हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने काढले तर इंजिन ८०० तास चाललं. शहरातल्या गस्तीत सिग्नलला उभं राहणं, अपघाताच्या जागी इंजिन चालू ठेवून दिवे लुकलुकवणं, मिरवणुकीपुढे रांगणं हे सगळं धरून सरासरी २० वर आली, तर तेच ४८ हजार मैल म्हणजे २४०० तास. ओडोमीटर दोघांचा सारखाच दिसणार. फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्यांसाठी एक तास आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) म्हणजे साधारण ३३ मैल धरायला सांगते, आणि ती तर पाण्याने थंड होणारी चारचाकी. तुमच्या गाडीचं ११७० सीसीचं बॉक्सर (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेलं) इंजिन हवा आणि तेलावर थंड होतं (आरटीला पाणी २०१४ पासून आलं). उभ्या गाडीत ते तेल किती तापत असेल विचार करा.

तरीही इंजिनाची मला फारशी काळजी नाही. तेल वेळेवर बदललं असेल तर ते दणकट आहे, आणि दोन्ही हेड बाहेर डोकावत असल्याने व्हॉल्व्ह सेट करणं घरीही जमतं. काळजी क्लचची.

अमेरिकेतले मोटरसायकल पोलीस प्लास्टिकच्या शंकूंमधून चालण्याच्या वेगाने गाडी वळवतात ते पाहिलं असेल. ती करामत अर्धा क्लच दाबून, थ्रॉटल थोडा उघडा ठेवून, मागचा ब्रेक हलका लावून होते. म्हणजे क्लच जाणूनबुजून घासवतच गाडी चालते. प्रशिक्षणात हे तासन्‌तास, आणि मग रोजच्या कामातही. हार्लेचा क्लच तेलात बुडालेला, ओला असतो, तो हे बराच काळ सोसतो. तुमच्या २०११ च्या आरटीचा क्लच कोरडा, एका प्लेटचा, कारसारखा. तो बदलायचा तर गाडीचा मागचा अर्धा भाग सोडवून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. भाग परवडतो, मजुरी रडवते.

तपासायचा साधा उपाय म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर असताना एकदम थ्रॉटल पिळा. आरपीएमचा काटा सरसर वर आणि वेग मात्र तिथंच, असं झालं तर क्लच संपत आलाय. चालवू देत नसेल तर विषय तिथेच संपवा.

.

कासपठार

अर्धाक्लच, हे कुणीच सांगितलं नव्हतं. विक्रेता ‘एक चक्कर मारू देईन’ म्हणालाय. तास कुठे बघायचे पण? मीटरवर दिसतील का?

.

अर्धाक्लच

मीटरवर विसंबू नका. खात्याच्या वर्कशॉपमधल्या नोंदी मागा. सरकारी कारभार असल्याने प्रत्येक तेलबदलाचा कागद असतो. विक्रेत्याकडे नसेल तर त्या शहराच्या फ्लीट विभागाला (गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्या) फोन करा, गाडीचा चासी नंबर सांगा. बहुतेक वेळा तिथला मेकॅनिक मोकळेपणाने बोलतो, त्याला त्यात गमवायचं काही नसतं. क्लच बदललाय का, गाडी पडली होती का, आणि ताफ्यातून का काढली, एवढं विचारा. ठरलेली मुदत भरली म्हणून काढली असेल तर उत्तम. ‘वारंवार बंद पडायची’ असं ऐकू आलं तर फोन ठेवताना आभार माना.

.

थेम्सकाठचा

इकडे ब्रिटनमध्येही पोलिसांच्या आरटी पुष्कळ विकायला येतात. माझा मुद्दा त्या मागच्या पेटीबद्दल आहे. ती काढली तर तिच्या जागी भलामोठा टॉपबॉक्स लावून त्यात तंबूपासून कुकरपर्यंत सगळं कोंबू नका. मागच्या चाकाच्या मागे आणि उंचावर वजन गेलं की वेगात गाडी शेपूट हलवायला लागते. इथल्या काही पोलीस दलांनी २००७ मध्ये होंडा एसटी १३०० (आम्ही तिला पॅन युरोपियन म्हणतो) ताफ्यातून काढल्या, त्या याच डोलण्याच्या तक्रारींमुळे. एका पोलिसाचा जीव गेल्यावर हे प्रकरण गाजलं. गाडी तशी नावाजलेली होती, पण पोलिसी सामान लादून ती खूप वेगात हाकली जायची.

आरटीबद्दल तसं ऐकलेलं नाही, तरी जड सामान बाजूच्या पेट्यांमध्ये, शक्य तितकं खाली आणि दोन्हीकडे सारखं ठेवा.

.

पिलियनवाली

मागे बसणाऱ्या पक्षाकडून दोन शब्द. :)

आमच्याकडेही पोलीस मॉडेलच आहे, फक्त हार्लेचं. पोलीस गाडी एकट्यासाठी बांधलेली असते. त्यामुळे ‘मागची सीट लावून घेऊ’ म्हणजे नुसती सीट नाही. मागचे फूटपेग आहेत का, धरायला हँडल आहे का, पेटीखालचा रॅक काढल्यावर साध्या आरटीची सीट नीट बसते का, हे सगळं त्याच वेळी बघा. सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात, पण एकेक करून जमवताना जीव मेटाकुटीला येतो. तयार सीटवाली गाडी चारपाचशे डॉलरने महाग असली तरी ती स्वस्तच समजा.

दादा, वहिनींना शनिवारी सोबत न्या. पाठ टेकायला काही नसलेल्या सीटवर सोनोरा पासपर्यंत कोण बसणार आहे? त्यांचं मत पहिलं.

हार्लेबद्दल : सीट बुटकी, साडेपाच फुटाला अगदी आरामात. पोलिसांची ती हवेच्या सस्पेन्शनवरची एकटी सीट तर सोफ्याच्या वरताण. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे व्हॉल्व्ह सेटिंगची कटकट नाही. मागे बेल्ट आहे, तोही निवांत. पण उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागते ती लागतेच. गाडी फार तापली की आयडलिंगला मागचा सिलिंडर बंद करायची सोय पोलीस मॉडेलांवर असते, ती २००८ वर आहे का विचारा. शिवाय २००८ चं असल्याने १९९९ ते २००६ च्या ट्विन कॅम इंजिनांमध्ये कॅमचेनचे टेन्शनर (साखळी ताणून धरणारे भाग) झिजायचे ते दुखणं त्यात नाही.

.

खटारावाला

+१. वहिनींचं मत पहिलं.

अवांतर : तिकडून अशी एखादी पुण्याला आणता येईल का हो?

.

थेम्सकाठचा

खटारावाला, तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही. आणि तीन वर्षांच्या आतली पोलीस गाडी कोण विकतंय? स्वप्न गुंडाळा.

.

खटारावाला

गुंडाळलं. स्प्लेंडर जिंदाबाद.

.

अर्धाक्लच

या पिढीच्या आरटीच्या माहीत असलेल्या दुखण्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

मागच्या चाकाचा फ्लँज : बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये अमेरिकेत मोठा रिकॉल (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) काढला होता. मागचं चाक ज्याला बोल्टने आवळतात तो ॲल्युमिनियमचा फ्लँज, जास्त आवळला गेला तर त्याला तडा जाऊ शकत होता, म्हणून पोलादी बसवून दिला. हा रिकॉल मुख्यतः २०१० पर्यंतच्या गाड्यांचा, तुमची काठावर आहे. सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की फुकट कळतं. पोलीस गाडीची चाकं सतत टायर बदलायला निघतात, म्हणून हे तपासाच.

फायनल ड्राइव्ह (शाफ्टचा जोर मागच्या चाकाला देणारी गिअरची पेटी) : आधीच्या वर्षांच्या गाड्यांत बेअरिंग जाण्याच्या तक्रारी जास्त होत्या. गाडी मधल्या स्टँडवर चढवा, मागचं चाक वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर तेल गळतंय का तेही बघा. ‘यातलं तेल आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुरुवातीला कंपनीच तसं सांगायची, नंतर तिनेच बदलायला सांगितलं.

वायरिंग : माझ्या मते क्लचनंतर सगळ्यात मोठी भानगड हीच. या गाडीत पोलिसी उपकरणांसाठी वेगळी दुसरी बॅटरी असते. दिवे-सायरन काढताना वायरी नीट सोडवल्यात की पकडीने कापून चिकटपट्टी गुंडाळलीय? सीट उचलून बघा. रेडिओच्या पेटीतही डोकवा. कापलेली टोकं लोंबत असतील तर पुढे पावसात कधी काय बंद पडेल सांगता येत नाही. ओळखीच्या कुणाकडे जीएस-९११ हे तपासणी यंत्र असेल तर मागून न्या. लपलेले फॉल्ट कोड दिसतात.

एक दिलासा : २००५-०६ च्या आरटीला सर्व्होवाले (मोटरने जोर वाढवणारे) ब्रेक होते, बिघडले की खर्च डोळे पांढरे करणारा. तुमच्या २०११ ला ते नाहीत. इंजिनही २०१० पासूनचं सुधारित, ११० अश्वशक्तीचं. सीट ८२० आणि ८४० मिलीमीटर अशा दोन उंचींवर लावता येते, खालच्या खाचेत लावून बसा. साडेपाच फुटाला चवडे टेकतील, टाचा नाही. २६० किलोच्या आसपासची गाडी उतारावर पार्क करताना हा फरक जाणवतो. बुटक्या सीटही मिळतात.

.

कासपठार

आभारी आहे सगळ्यांचा. फ्लीट विभागाला फोन केला. अर्धाक्लच म्हणाले तसंच झालं, मेकॅनिक मनमोकळा निघाला. गाडी ठरलेली मुदत भरली म्हणून काढली. क्लच एकदा बदललाय, तेव्हा ३१ हजार मैल झाले होते. एकदा थांबलेली असताना आडवी पडली होती, क्रॅशबारवर निभावलं. नोंदी ईमेल करतो म्हणाला. रिकॉलच्या यादीत हा चासी नंबर येत नाही.

हे ऐकून हार्ले बाजूला ठेवली आहे. बायको शनिवारी येतेय. तिची पहिली प्रतिक्रिया : ‘काळ्या-पांढऱ्या गाडीवर मी बसणार नाही, लोक आपल्याला बघून ब्रेक मारतील.’

रंगाचं कायद्याने काय?

.

पिलियनवाली

वहिनी बरोबर बोलल्या. कॅलिफोर्नियात वाहतूक पोलिसांच्या गाडीसारखी दिसेल अशी रंगवलेली गाडी बाळगता येत नाही. निळे दिवे, पुढे दिसणारे लाल दिवे आणि सायरन तर नाहीच नाही. त्यामुळे रंगाचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विक्रेत्यालाही हे माहीत असणार. पूर्ण रंगकाम नको असेल तर पांढरे भाग सोडवून एकाच रंगाचं विनाइल रॅप करून घ्या.

आणि नंबर प्लेट बघा. सरकारी गाड्यांची ‘ई’ अक्षरवाली असते, ती निघालेली हवी. मालकीचा कागद, म्हणजे पिंक स्लिप, विक्रेत्याच्या नावावर झालाय का? नसेल तर डीएमव्हीमधले (म्हणजे तिथल्या आरटीओतले) हेलपाटे तुमच्या माथी.

.

अर्धाक्लच

४८ वर आहे, क्लच ३१ ला बदललेला. म्हणजे त्यावर १७ हजार पोलिसी मैल. तुम्ही क्लच घासवणार नाही असं धरलं तर तो बरीच वर्षं पुरेल. मी असतो तर ४८०० पासून बोली सुरू केली असती. रंग, मागची सीट आणि टायर (बनावटीची तारीख टायरच्या कडेला चार आकड्यांत असते) या तीन गोष्टी दाखवून.

शनिवारी निघायच्या आधी विक्रेत्याला निरोप द्या की गाडी सकाळपासून सुरू केलेली नको. पोचल्यावर आधी सिलिंडरच्या हेडजवळ हात नेऊन बघा. ऊब जाणवली तर बाजूला चहा-कॉफी घ्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच स्टार्टर दाबा. थंड असताना ही गाडी कशी उठते, किती धूर काढते, पहिल्या मिनिटात काय आवाज करते, ते विक्रेत्यांना बहुधा दाखवायचं नसतं.