समांतरभुज चौकोनाचा कर्ण सममितीचा अक्ष का नसतो?

प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी सध्या शाळेत सममिती शिकत आहे. तिने समांतरभुज चौकोन काढला, कर्णावर कापला आणि मिळालेले दोन त्रिकोण एकावर एक ठेवून ते तंतोतंत जुळतात हे मला दाखवले. आता तिचे म्हणणे असे आहे की, कर्णामुळे दोन अगदी सारखे भाग होत असतील, तर तो कर्ण सममितीचा अक्ष असलाच पाहिजे. पुस्तकानुसार मात्र या आकृतीला अक्ष नाही, घूर्णन सममिती तेवढी आहे. कागद कर्णावर दुमडला की कडा जुळत नाहीत हे तिला दिसते, पण का जुळत नाहीत, हे मला नीट सांगता येत नाही. तसेच अक्षांची संख्या आणि घूर्णन सममिती यांचा परस्परांशी काही संबंध असतो का, हेही कृपया कोणी स्पष्ट करावे.

उत्तर १

आपल्या मुलीचा प्रश्न अतिशय चांगला आहे, कारण दोन भाग एकरूप असणे आणि ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परावर्तनाची अट अधिक कडक आहे: कोणताही बिंदू आणि त्याची प्रतिमा जोडणारा रेषाखंड अक्षाने दुभागला गेला पाहिजे आणि तो अक्षाला लंबही असला पाहिजे. चौकोन अबकड समांतरभुज असेल, तर कर्ण बड हा कर्ण अक ला दुभागतो, पण सर्वसाधारणपणे त्याला लंब नसतो. त्यामुळे बड वर दुमडल्यावर अ हा बिंदू क वर पडत नाही. कर्ण परस्परांना लंब असतील तरच तो पडेल, आणि तसा समांतरभुज चौकोन म्हणजे समभुज चौकोन.

हे मोजून पाहायचे असेल, तर ८ सेमी लांब आणि ६ सेमी रुंद आयत घ्यावा, कारण आयतही समांतरभुज चौकोनच आहे. त्याचा कर्ण १० सेमी येतो. कर्णाच्या दोन्ही बाजूंचे कोपरे कर्णापासून सारख्याच, म्हणजे ४.८ सेमी अंतरावर असतात, परंतु त्यांच्यापासून कर्णावर टाकलेले लंब एकाच ठिकाणी पडत नाहीत. कर्णाच्या एका टोकापासून मोजल्यास एकाचा पाय ३.६ सेमीवर आणि दुसऱ्याचा ६.४ सेमीवर येतो. म्हणून घडी घातल्यावर ते दोन कोपरे एकमेकांपासून २.८ सेमी दूर राहतात. मुलीला पट्टीने हे अंतर स्वतः मोजू द्यावे.

उत्तर २

वरील उत्तर पूर्णपणे बरोबर आहे. मात्र मुलीने कापलेले त्रिकोण प्रत्यक्षात जुळले, त्याअर्थी तिने नेमके काय केले, हेही तिला कळले पाहिजे. नाहीतर आपला प्रयोग चुकला असे तिला उगाच वाटेल.

यासाठी एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असा घोटीव कागद घ्यावा. समांतरभुज चौकोन कर्णावर कापून एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवताना दोन्हींची रंगीत बाजू वरच राहते, म्हणजे तिने तुकडा उलटवलेला नाही, अर्ध्या फेरीने फिरवलेला आहे. घडी घालताना मात्र तुकडा उलटतो आणि त्याची पांढरी बाजू वर येते. परावर्तनात शिरोबिंदूंचा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असेल तर तो उलट दिशेने होतो. घूर्णनात तो बदलत नाही. दोन्ही क्रियांमधला खरा भेद हाच आहे आणि माझ्या मते शाळेत यावर फार कमी वेळ दिला जातो.

त्यानंतर न कापलेला चौकोन ट्रेसिंग पेपरवर गिरवावा, दोन कर्ण छेदतात तिथे टाचणी टोचावी आणि वरचा कागद फिरवावा. १८० अंशांनंतर आकृती जुळेल, आणि तिने जुळवलेल्या त्रिकोणांपैकी प्रत्येक त्रिकोण दुसऱ्याच्या जागी गेलेला दिसेल.

उत्तर ३

अक्ष आणि घूर्णन यांच्या संबंधाविषयी लिहितो. दोन अक्ष एकमेकांना छेदत असतील, तर आधी एका अक्षात आणि मग दुसऱ्या अक्षात परावर्तन केल्यास त्यांच्यामधील कोनाच्या दुपटीएवढे घूर्णन होते. आयताचे दोन अक्ष ९० अंशांत छेदतात, म्हणून आयत १८० अंशांत जुळतो. चौरसाच्या लगतच्या अक्षांमध्ये ४५ अंशांचा कोन असतो, म्हणून तो ९० अंशांत जुळतो. समभुज त्रिकोणात ६० अंशांवरून १२० अंश मिळतात. म्हणजे दोन अक्ष असले की घूर्णन सममिती आपोआप येते. अक्ष एकच असेल तर ती नसते. पतंगाच्या आकाराचा चौकोन किंवा समद्विभुज त्रिकोण पाहावा.

उलट दिशेने मात्र खात्री देता येत नाही. रांगोळीतले स्वस्तिक ९० अंशांच्या प्रत्येक वळणावर जुळते, तरी त्याला एकही अक्ष नसतो. पत्त्यांतील राजा, राणी आणि गुलाम यांची चित्रेही अर्ध्या फेरीने जुळतात, आरशात जुळत नाहीत. नियम असा आहे की, एका फेरीत आकृती जितक्या वेळा जुळते तितकेच तिला अक्ष असतात, नाहीतर एकही नसतो. आयत किंवा समभुज चौकोन नसलेला समांतरभुज चौकोन दोन वेळा जुळतो आणि त्याला एकही अक्ष नाही. आयताला समोरासमोरील बाजूंचे मध्यबिंदू जोडणारे दोन अक्ष असतात, समभुज चौकोनाला दोन कर्ण. यावरून नेमका एकच अक्ष असलेला समांतरभुज चौकोन असूच शकत नाही, हे मुलीला स्वतः शोधता येईल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. घोटीव कागदाचा प्रयोग केला आणि पांढरी बाजू वर येताच तिला फरक कळला. आता तिची एकच शंका उरली आहे: पूर्ण फेरीनंतर तर प्रत्येकच आकृती जुळते, मग विषमभुज त्रिकोणाला घूर्णन सममिती नाही असे का म्हणायचे?

उत्तर ३

३६० अंशांनंतर आकृती मूळ स्थितीतच परत येते, त्यामुळे त्यातून तिच्या आकाराविषयी काहीच कळत नाही. म्हणून फेरी पूर्ण होण्याआधी निदान एकदा तरी आकृती जुळली, तरच तिला घूर्णन सममिती आहे असे म्हणतात. मोजताना मात्र ती शेवटची जुळणीही धरायची असते. म्हणूनच समांतरभुज चौकोनासाठी आपण दोन म्हणतो: एक १८० अंशांवरची आणि एक ३६० अंशांवरची.