मदत हवी आहे: रेकॉर्डिंगची रेषा शून्यावर येत नाही, प्रत्येक कटला 'टक्' होतं

रानवारा: आजोबांच्या आवाजाची कॅसेट लॅपटॉपवर उतरवली आहे. तरंग मधल्या रेषेवर बसतच नाही. जिथे कापतो तिथे टक्! डीसी ऑफसेट (सगळा तरंग शून्याच्या रेषेपासून वर किंवा खाली सरकलेला असणं) काढून पाहिला, तरी तेच. रविवारी सगळ्या नातेवाइकांना पाठवायचंय. लवकर सांगा.

टेपवाला: सॉफ्टवेअर कुठलं? 'काढून पाहिला' म्हणजे नेमकं काय केलंत?

सुरेल: नॉइज रिडक्शन मारा. माझ्या सगळ्या जुन्या टेप त्यानेच सुधारल्या.

टेपवाला: सुरेल, त्याने सरसर कमी होईल, रेषा जागची हलणार नाही. टक् येतो तो कापल्या जागी पातळी एकदम उडी मारते म्हणून.

रानवारा: ऑडॅसिटी. सगळं सिलेक्ट करून नॉर्मलाइझ (आवाजाची पातळी ठरावीक उंचीवर आणणारी सोय). डीसी ऑफसेट काढायची खूण होतीच.

घुमट: आधी ऑफसेट आहे का ते बघा. माणसाच्या आवाजाचा तरंग मुळातच एका बाजूला जास्त उंच असू शकतो, तो दोष नव्हे. आजोबा बोलायचे थांबतात तिथे झूम करा. शांत जागी रेषा कुठे आहे?

रानवारा: पहिला अर्धा तास शून्याच्या ०.०४ वर. पुढचा अर्धा तास ०.०४ खाली!!

टेपवाला: मध्ये काय बदललं?

रानवारा: कॅसेटची पहिली बाजू माइकच्या सॉकेटमधून घेतली, दुसरी लाइन-इनमधून (प्लेअरसारखी यंत्रं जोडायचं सॉकेट). मग जोडून एक फाइल केली. हेही सांगायला हवं होतं का?

टेपवाला: तेच तर सांगायला हवं होतं! नॉर्मलाइझ निवडलेल्या पूर्ण भागाची सरासरी काढून तेवढीच वजा करतं. एका बाजूला ०.०९ आणि दुसरीला ०.०१ ऑफसेट असेल तर ०.०५ वजा होतात आणि दोन्ही चुकीच्याच राहतात. अनडू करा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या निवडून ऑफसेट काढा, आवाजाची पातळी वाढवायची खूण तेवढी काढून ठेवा. कापाकापी त्यानंतर.

निळा_डबा: एवढी यातायात कशाला? २० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं गाळणारा फिल्टर) लावा, झालं.

घुमट: ऑफसेट हळूहळू सरकत असेल तर हाय-पासच बरा. पण इथे जोडावर सरळ पायरी आहे. फिल्टर ती पुसत नाही, नुसती ओघळवतो. 'धप्' राहतो.

निळा_डबा: मला आजवर धप् ऐकू आलेला नाही.

घुमट: लहान स्पीकरवर नाही येणार. हेडफोन लावून ऐका.

जुनी_फीत: प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलंत ना? रबरी चाकाचंही बघा, वाळलं असेल तर वेग बदलतो.

रानवारा: हेड नंतर बघतो. मूळ फायली सापडल्या, दोन्ही वेगळ्या सरळ केल्या, मग कापल्या. आजोबा बोलण्याआधी खाकरायचे, तिथेच मी कापलं होतं. टक् गेला, खाकरणं स्वच्छ ऐकू येतं. पण पहिल्या बाजूला ते मोठ्याने हसतात तिथे तरंगाचे वरचे शेंडे अजून सपाटच आहेत. ते येतील का परत?

टेपवाला: नाही. रेषा वर असल्याने वरची जागा आधीच संपली होती, शेंडे रेकॉर्ड होतानाच कापले गेले. कॅसेट शाबूत आहे ना? ती बाजू लाइन-इनमधून पुन्हा घ्या, पातळी थोडी कमी ठेवून.

रानवारा: आहे. आज रात्रीच बसतो.