चर्चा: १६ वर्षांच्या मुलाचे कॉलेजचे मार्क आई-वडिलांना कळायला नकोत का?

चिंचेचं_पान (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

इथल्या आपल्या मंडळींची बरीच मुलं हल्ली हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) एखाददुसरा कोर्स घेतात. ड्युअल एनरोलमेंट म्हणतात त्याला. एरवी कॅलिफोर्नियात युनिटमागे (कोर्सचं वजन युनिटमध्ये मोजतात) ४६ डॉलर फी असते, ती या मुलांना बहुतेक ठिकाणी माफ असते, आणि मार्क हायस्कूल, कॉलेज दोन्हीकडे धरले जातात. त्यामुळे आपण पालक पटकन सही करतो.

ती सही करताना एक गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. फर्पा नावाचा अमेरिकेचा १९७४ चा केंद्रीय कायदा आहे, विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा. मूल शाळेत असेपर्यंत त्याचं रेकॉर्ड बघायचा हक्क आई-वडिलांचा. मूल १८ चं झालं की हक्क त्याचा. पण १८ च्या आधीही ते कॉलेजात शिकायला लागलं, तर कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याच दिवशी त्याच्याकडे जातो. वय १६ असो नाहीतर १४.

माझ्या मुलाने अकरावीत प्रीकॅल्क्युलस घेतलं. जड गेलं, म्हणून टर्मच्या मध्यावर वर्गात जायचंच बंद केलं. गेलं नाही की नाव आपोआप कमी होतं, असा त्याचा समज. तसं होईलच असं नाही. ड्रॉप, म्हणजे कोर्समधून नाव काढणं, स्वतः करावं लागतं, तारखेच्या आत. त्याने केलं नाही आणि टर्मअखेर एफ, म्हणजे नापासचा शेरा, आला. मधल्या काळात मला शंका आली होती म्हणून मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "तुमचा मुलगा स्वतः आला तर मी त्याला सगळं सांगेन. तुम्हाला काही सांगता येणार नाही." मी त्याचा शाळेचा आयडी दाखवला, माझा पासपोर्ट दाखवला. उत्तर तेच.

याच मुलाने हायस्कूलमध्ये एक क्विझ बुडवली तर संध्याकाळच्या आत मला ईमेल येतो. तोच मुलगा, तोच दिवस, फक्त रस्ता ओलांडून पलीकडच्या वर्गात बसला की मी त्याची कुणी नाही. आणि तो एफ कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) राहतो. उद्या यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) अर्ज करताना तो दाखवावाच लागणार आहे.

१८ च्या पुढच्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण अल्पवयीन मुलाची हजेरी आणि ड्रॉपची शेवटची तारीख एवढं तरी पालकांना कळलंच पाहिजे, आणि त्यासाठी कायदा बदलला पाहिजे. तुमचं मत काय?

खडू_फळा

मी दक्षिण कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम गणित शिकवतो. चिंचेचं_पान, तुमची कळकळ समजते, पण मी स्पष्ट विरोधात आहे.

माझ्या वर्गात १६ वर्षांची मुलगी बसते. तिच्या शेजारी नर्सिंगला जायची तयारी करणारी दोन मुलांची आई. मागे सैन्यातून परतलेला एक जण. सगळ्यांचा सिलॅबस एक, परीक्षा एक. कायदा त्या मुलीला सांगतो की या खोलीत तूही विद्यार्थी आहेस, कुणाची लेक म्हणून बसलेली नाहीस. तिला कॉलेजचं क्रेडिट हवं असेल तर कॉलेजचा करारही तिलाच पाळावा लागेल.

ड्रॉपची तारीख ही काही गुप्त गोष्ट नाही. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असते, सिलॅबसच्या पहिल्या पानावर असते. मी ती पहिल्या दिवशी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहितो, भोवती चौकट काढतो आणि टर्मभर रोज नव्याने लिहितो, कारण नंतरच्या तासाचे सर फळा पुसतात. डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडायची मुदत टर्मच्या ७५ टक्क्यांपर्यंत ताणता येते. डब्ल्यू म्हणजे एफ नव्हे, सरासरीत धरत नाहीत. मात्र तोच कोर्स साधारण ३ वेळाच घेता येतो आणि डब्ल्यू हाही एक प्रयत्न मोजला जातो, हे मुलांना माहीत नसतं. तेही मी सांगतो.

हे हक्क कसे आले तेही बघा. पूर्वी इथली कॉलेजं स्वतःला आई-बापाच्या जागी समजत. १९६० साली माँटगोमेरीत अलाबामा स्टेट कॉलेजच्या काळ्या विद्यार्थ्यांनी कोर्टाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात बसून वर्णभेदाविरुद्ध निषेध केला, तर कॉलेजने सूचना न देता, बाजू न ऐकता त्यांना काढून टाकलं. १९६१ मध्ये फेडरल अपील कोर्टाने डिक्सन खटल्यात सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही. आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका. विद्यार्थ्याला स्वतंत्र माणूस मानायची सुरुवात तिथून झाली. आता पालकांसाठी मागचं दार उघडायचं, तर विचार करून उघडा.

चिंचेचं_पान

सर, डिक्सनचे विद्यार्थी कॉलेजातलेच होते, हायस्कूलमधले नव्हते. माझा मुलगा दात काढायला गेला तरी माझी सही लागते. शाळेच्या सहलीला सही लागते. तुमच्या कॉलेजात नाव घालतानाही पालकाची सही घेतात. सही घेताना मी आई आणि नंतर परकी, हे कसं?

एडिसनकर

चिंचेचं_पान ताईंना माझा पाठिंबा, आणि मी तर १८ च्या पुढेही जाईन. माझी मुलगी १९ ची. इथे न्यू जर्सीत काउंटी कॉलेजात आहे. फी मी भरतो, घर माझं, गाडीचा विमा माझा, टॅक्समध्ये ती माझ्यावर अवलंबून म्हणून दाखवलेली. त्याच कायद्यात लिहिलंय की टॅक्सच्या दृष्टीने अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचं रेकॉर्ड कॉलेज पालकांना दाखवू शकतं, विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय. मग कॉलेजं "विद्यार्थ्याची सही आणा" म्हणून का परत पाठवतात?

खडू_फळा

एडिसनकर, कायदा "दाखवू शकतं" म्हणतो, "दाखवलंच पाहिजे" म्हणत नाही. निर्णय कॉलेजवर सोडलाय, आणि बरीच कॉलेजं विद्यार्थ्याची लेखी संमती मागतात. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र संमतीविना पालकांना कळवता येतं. २१ च्या आतल्या मुलाने दारू किंवा ड्रग्जबाबत नियम मोडला तरीही. गणितात नापास होणं त्यात बसत नाही, आणि बसूही नये.

निळी_सायकल

मी २० वर्षांची आहे, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं संपवून आता यूसीत ट्रान्सफर होतेय. एडिसनकर काका, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझ्या बाबांकडे माझ्या पोर्टलचा पासवर्ड होता. पहिल्या टर्मला मी चाइल्ड डेव्हलपमेंटचा कोर्स घेतला. एका सकाळी लॉगिन केलं तर तो गायब आणि त्या जागी केमिस्ट्री. बाबांनी रात्री बसून बदललं होतं, मला न विचारता. चाइल्ड डेव्हलपमेंटमधली माझी जागा वेटलिस्टवरच्या कुणालातरी गेली. त्यांना वाटलं ते माझं भलं करताहेत, आणि मला खात्री आहे त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण केमिस्ट्रीत जो सी आला तो माझ्या नावावर आहे, त्यांच्या नाही.

मी पासवर्ड बदलला. घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही. त्या काळात काउन्सेलरने मला शांतपणे सांगितलं की तुझं रेकॉर्ड तुझं आहे, तुझ्या सहीशिवाय आम्ही कुणालाही दाखवणार नाही. हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. पुढच्या टर्मपासून कोर्स मी निवडले, शंका विचारायला प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना मी गेले, ट्रान्सफरला कुठले कोर्स चालतात ते असिस्टच्या साइटवर मी शोधलं. बाबांना मार्क मी स्वतः दाखवते, आजही. ते मागतात म्हणून नाही, मला दाखवावेसे वाटतात म्हणून.

काका, फी तुम्ही भरता हे खरं आहे. पण तुमची मुलगी तुम्हाला मार्क का दाखवत नाही, हे कॉलेजला विचारून कळणार नाही.

एडिसनकर

बेटा, तुझं दुःख खरं आहे आणि तुझ्या बाबांनी केलं ते चूक. पण पासवर्ड घेऊन कोर्स बदलणारा बाप वेगळा आणि मुलगी वर्गात जाते का एवढंच विचारणारा बाप वेगळा. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना का?

जुन्नरचा_वारा (पुणे)

मी पुण्यात कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. कमी हजेरीची यादी नावानिशी नोटीस बोर्डावर लागते आणि पालकांना बोलावणं जातं. मुलांना आवडत नाही. पण एक अनुभव सांगतो. द्वितीय वर्षाचा एक मुलगा अचानक यायचा बंद झाला. मी त्याच्या वडिलांना फोन केला. ते शेतकरी, त्यांना वाटत होतं पोरगं रोज कॉलेजात जातंय. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ते आले. मुलगा मेसचे पैसे थकल्यामुळे लाजेने वर्ग चुकवून एका दुकानात काम करत होता. आम्ही मार्ग काढला, मुलगा पदवीधर झाला. तुमच्या कायद्याने माझे हात बांधले असते तर तो फोन झाला नसता. हक्काच्या नावाखाली मुलगा एकटा पडत असेल तर त्या हक्काचा त्याला उपयोग काय?

निळी_सायकल

सर, तुम्ही त्याच्यासाठी धावलात याबद्दल आदरच आहे. पण आधी त्या मुलालाच फोन करून विचारता आलं असतं ना, की काय झालं? आणि ती नावानिशी यादी सगळ्या कॉलेजसमोर लावणं, ज्याची आई आजारी आहे त्याचंही नाव त्यात, हे तुम्हाला बरोबर वाटतं?

जुन्नरचा_वारा (पुणे)

मुलाला आधी तीनदा फोन केला होता, त्याने उचलला नाही. यादीबद्दल मात्र तुझ्याशी सहमत आहे. ती बोर्डावर लावायची गरज नाही, ज्याची त्याला कळवता येते.

तुळशीवृंदावन (फ्रीमाँट)

मूळ मुद्द्यावर येते. माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे. शाळेत आयईपी, म्हणजे तिच्यापुरती खास शिक्षणाची योजना, होता. वर्षातून एकदा टेबलाभोवती सगळे शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि मी बसायचो. तिला काय लागतं ते शोधायची जबाबदारी शाळेची होती. कॉलेजात आयईपी लागू नाही. परीक्षेला जास्त वेळ मिळायचा हक्क आहे, पण तो तिने स्वतः डीएसपीएसच्या (अपंग विद्यार्थ्यांना सोयी देणाऱ्या विभागाच्या) ऑफिसात जाऊन, कागद दाखवून मागायचा. तिने मागितला नाही तर कॉलेज शोधत येणार नाही, आणि होऊन गेलेल्या परीक्षेला तो मागाहून लागू होत नाही.

तिने पहिल्या मिडटर्मला मागितलाच नाही, वेगळी दिसायला नको म्हणून. कमी मार्क पडले. मग स्वतः गेली. परवानगीचं पत्र प्रोफेसरला तिनेच दिलं. त्यात तिला दीडपट वेळ द्यावा एवढंच लिहिलेलं होतं, आजार कोणता ते नव्हतं. हे मला फार आवडलं. शाळेत तिचं निदान दहा जणांना माहीत होतं.

म्हणून मी खडू_फळा यांच्या बाजूची आहे, पण पूर्ण नाही. ज्या वयाला शाळा मागायला शिकवतच नाही, त्या वयात "तुझं तू माग" म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे. हक्क एका दिवसात मिळतो. तो वापरायची सवय शाळेने आठवी-नववीपासून लावली पाहिजे. आयईपीच्या बैठकीत मुलगी स्वतः बोलली पाहिजे, मी नाही.

खडू_फळा

तुळशीवृंदावन, शंभर टक्के मान्य.

चिंचेचं_पान, तुमच्या कामाची एक गोष्ट. मूल १८ च्या आतलं असून हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे असेल, तर दोन्ही संस्था एकमेकींना त्याची माहिती देऊ शकतात. कॉलेजने हायस्कूलला जे कळवलं, ते हायस्कूलच्या रेकॉर्डचा भाग होतं आणि ते बघायचा हक्क तुमचा आहे. म्हणजे कॉलेजच्या खिडकीऐवजी हायस्कूलच्या काउन्सेलरकडे जा.

एफबद्दल: कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्याचं कलम ७६२२४ सांगतं की चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अक्षमता नसेल तर शिक्षकाने दिलेला मार्क अंतिम. इथे तसं काही दिसत नाही, त्यामुळे तो बदलायची आशा ठेवू नका. त्या काळात आजारपणासारखं सबळ कारण असेल तर एक्स्क्यूज्ड विथड्रॉवलसाठी (सबळ कारणाने कोर्स सोडल्याची नोंद मिळवण्यासाठी) अर्ज करता येतो, पुराव्यासकट. तो अर्ज मुलानेच करायचा. कारण नसेल तर कोर्स पुन्हा घ्यावा. चांगला मार्क मिळाला तर कॉलेजच्या सरासरीत नवा धरतात, जुना ट्रान्स्क्रिप्टवर दिसत राहतो.

चिंचेचं_पान

काउन्सेलरचं माहीत नव्हतं, उद्याच ईमेल करते. कारण वगैरे काही नव्हतं, तो फक्त घाबरला होता. कोर्स तो उन्हाळ्यात पुन्हा घेणार आहे, नाव त्याने स्वतः घातलंय.

पण माझी मागणी कायम आहे. हायस्कूलकडे माहिती गेली तरच मला कळणार, आणि ती वेळेत जाईलच असं कुठे आहे? निदान एवढं करा: अल्पवयीन मुलाचं नाव घालताना माझ्या सहीच्या कागदाबरोबरच मुलाच्या संमतीचा कागदही समोर ठेवा. आई-वडिलांना हजेरी कळवू का, हो किंवा नाही. आज तो फॉर्म वेबसाइटवर कुठेतरी पडून असतो.

निळी_सायकल

याला माझा पाठिंबा आहे. फक्त तो कागद मुलाला एकट्याला बसवून विचारा. आई शेजारी उभी असताना कुणीही "नाही"वर खूण करणार नाही.

एडिसनकर

आणि त्याने "नाही" म्हटलं तर?

निळी_सायकल

तर नाही, काका.

एडिसनकर

१६ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे मला मान्य नाही, आणि होणारही नाही. ताई, तुम्ही तुमच्या राज्याच्या असेंब्ली मेंबरला लिहाच. केंद्राचा कायदा ते बदलू शकणार नाहीत, पण असा फॉर्म सक्तीचा करण्याची मागणी त्यांच्याकडे करता येईल. मसुदा इथे टाका, मी माझ्याकडच्या लोकांना पाठवतो.